चाळीस मिनिटांचं जालियनवाला

आय.व्ही. या दोन अक्षरांचा आपल्याकडचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. चार दिवस रेल्वे, दोन दिवस मजा, अर्धा दिवस साइट, आणि परत आल्यावर एक रिपोर्ट, जो एकजण लिहितो आणि बाकीची बॅच 'रेफर' करते. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. विसाव्या वर्षी भटकायचं नाही तर कधी भटकायचं? माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्या टूरच्या लिस्टमध्ये धरण, पॉवर हाऊस, मंदिर, मार्केट यांच्याच रांगेत कधी कधी अशी एखादी जागा येते, की जिथे माणसं मारली गेली आहेत. ती जागाही आपण त्याच वेगाने 'कव्हर' करतो. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर चूक नक्की कोणाची, एवढ्याच प्रश्नावर हा लेख आहे.

अशा ठिकाणी जाण्याला इंग्रजीत 'डार्क टुरिझम' म्हणतात. १९९६ साली जॉन लेनन आणि माल्कम फोली या दोन प्राध्यापकांनी हा शब्द रूढ केला. (हा जॉन लेनन बीटल्सवाला नव्हे, ग्लासगोचा प्रोफेसर!) शब्द नवा असला तरी ओढ जुनीच आहे. पोलंडमधली आउश्वित्झची छळछावणी बघायला एकट्या २०१९ साली वीस लाखांहून जास्त लोक गेले. आपल्याकडे अंदमानचं सेल्युलर जेल तर कित्येक मराठी घरांचं एल.टी.सी.चं ठरलेलं ठिकाण. लोक जातात यात मला काहीही गैर वाटत नाही. उलट जायलाच हवं. पुस्तकातला आकडा आणि समोरची भिंत यात खूप फरक असतो.

पण तिथे गेल्यावर आपण कसे वागतो यावर दरवेळी एकच भाषण ऐकायला मिळतं. "आजची पिढी! हिला सेल्फीशिवाय काही सुचतच नाही." मार्च २०१९ मध्ये खुद्द आउश्वित्झच्या म्युझियमला ट्विटरवरून लोकांना विनंती करावी लागली की बाबांनो, ज्या रुळांवरून लाखो माणसं मरायला आणली गेली, त्या रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो इथे काढू नका. तेव्हा हा रोग एकट्या आपल्या देशाचा नाही, आणि आपल्या हॉस्टेलचा तर मुळीच नाही. तरीही मला ते भाषण अर्धवट वाटतं. कारण माणूस एखाद्या जागी कसा वागेल हे त्याच्या संस्कारांइतकंच ती जागा ठरवते.

पटत नसेल तर आपल्या मेसचं उदाहरण घ्या. काउंटरसमोर रांग लावा म्हणून रेक्टर सरांनी किती नोटिसा लावल्या! कुणी वाचल्या तरी का? मग एक दिवस वेल्डर आला, त्याने दोन पाइपांचं रेलिंग बसवलं, आणि संध्याकाळी रांग लागली. आपले संस्कार एका दुपारीत सुधारले काय? दुसरं उदाहरण माझ्या शाळेचं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत एक छोटं चॅपल होतं. आम्ही बहुतेक मुली हिंदू, आम्हाला त्या प्रार्थनेतलं अर्धं कळायचं नाही. तिथे 'शांतता राखा' असा बोर्ड नव्हता. पण दार बुटकं, आत अंधुक उजेड, वर उंच छत. आत पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली यायचा. हे काम सिस्टरांनी ओरडून केलं नव्हतं. ज्याने कुणी ते चॅपल बांधलं, त्याने केलं होतं.

आता जालियनवाला बागेबद्दल. ही गोष्ट शाळेत आपण सगळेच शिकलो, पण चार मार्कांच्या शॉर्ट नोटपुरती. म्हणून थोडे आकडे देते. आपण इंजिनिअर लोक, आपल्याला आकडे लवकर कळतात.

१३ एप्रिल १९१९, बैसाखीचा दिवस. अमृतसरला सुवर्णमंदिराजवळ, घरांच्या पाठमोऱ्या भिंतींनी वेढलेली एक मोकळी जागा. नाव बाग, पण त्या वेळी तिथे बाग अशी नव्हतीच, पडीक मैदान होतं. डॉ. सत्यपाल आणि डॉ. किचलू यांच्या अटकेच्या निषेधाची सभा होती. शिवाय सणासाठी खेड्यांतून आलेली माणसंही तिथे विसावली होती. जनरल डायर ९० शिपाई घेऊन आला. त्यांतल्या ५० जणांकडे रायफली होत्या. 'निघून जा' असा इशाराही न देता त्याने गोळीबार सुरू केला. सुमारे १० मिनिटं, १,६५० गोळ्या. म्हणजे रायफलीमागे ३३. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ तीन, सलग दहा मिनिटं. सरकारी हिशेबाने ३७९ मेले. काँग्रेसच्या चौकशी समितीने हा आकडा हजारच्या आसपास धरला.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे, जी मला तिथे जाण्याआधी कुणीच सांगितली नव्हती. डायरने मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या बरोबर आणल्या होत्या. त्या बाहेरच राहिल्या, कारण बागेत शिरायचा बोळ अरुंद होता, त्यातून गाडी जाईना. नंतर हंटर कमिटीपुढे मुंबईचे वकील सर चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला विचारलं तेव्हा त्याने कबूल केलं की गाड्या आत गेल्या असत्या, तर आपण बहुधा मशीनगनही चालवल्या असत्या. आणि अशाच मोजक्या, अरुंद वाटांमुळे आतल्या हजारो माणसांना बाहेर पडता आलं नाही. म्हणजे त्या दिवशी किती माणसं मरणार, किती वाचणार, हे त्या वाटांच्या रुंदीने काही अंशी ठरवलं. सिव्हिलच्या भाषेत सांगायचं तर तो बोळ हा त्या जागेतला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे.

आमची बॅच सेकंड इयरला तिथे गेली होती. आदल्या दिवशी भाक्रा धरणावर आम्ही अर्धा दिवस होतो. जाण्याआधी सरांनी वर्गात धरणाचं क्रॉस सेक्शन काढून दाखवलं होतं, त्यामुळे तिथे काय बघायचं हे सगळ्यांना माहीत होतं. अमृतसरचा प्लॅन मात्र असा: सकाळी सुवर्णमंदिर, मग जालियनवाला, मग छोले-कुलचे, मग अटारी बॉर्डरची परेड. टूरवाल्याने बसमध्येच बजावलं, "बाग चालीस मिनट. उसके बाद बस निकल जाएगी."

सुवर्णमंदिरात आमच्या बॅचने काय शिस्त दाखवली म्हणून सांगू! बूट काढले, डोक्याला रुमाल बांधले, दाराशी वाहत्या पाण्यातून पाय धुऊन आत गेलो. आमच्यातली सगळ्यात वात्रट पोरंसुद्धा तासभर कुजबुजत बोलत होती. तिथून बाग चालत पाच-दहा मिनिटांवर. त्याच पोरांनी बागेच्या बोळात शिरल्या शिरल्या कलकलाट केला. मुलं तीच, सकाळ तीच. मग बदललं काय?

बदलली ती जागा. २८ ऑगस्ट २०२१ रोजी नूतनीकरण केलेल्या बागेचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून त्या बोळाच्या दोन्ही भिंतींवर शिल्पं आहेत. त्या दिवशी बागेकडे निघालेली साधी माणसं त्यांत दाखवली आहेत, हसरी, बोलणारी. कल्पना वाईट नाही. पण हसरा पुतळा शेजारी उभा असला की माणूस काय करतो? त्याच्या खांद्यावर हात टाकतो. आमच्यातल्या निम्म्यांनी तेच केलं. आमच्या मागून एक कुटुंब आलं, त्यांनीही तेच केलं. त्या पुतळ्यांचा अपमान करायचा कुणाच्याच मनात नव्हतं. पण बोळ किती अरुंद आहे, इथून गाडी का गेली नसेल, याकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही. नजर रुंदीकडे न जाता चेहऱ्यांकडे जात होती.

पुढे शहीदी विहीर. जीव वाचवायला लोकांनी तिच्यात उड्या घेतल्या. तिच्यातून १२० प्रेतं काढली असं तिथल्या फलकावर लिहिलं आहे. आता तिच्याभोवती काच आहे. भर दुपारी त्या काचेत विहिरीची खोली कमी आणि आपलंच प्रतिबिंब जास्त दिसत होतं. एका मुलीने त्या काचेत बघून केस नीट केले. तिला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आणि मग गोळ्यांच्या खुणा असलेली भिंत. इथे शिल्प नाही, साउंड नाही. विटांची जुनी भिंत आणि खुणांभोवती आखलेल्या चौकटी, एवढंच. इथे आमचा ग्रुप गप्प झाला. कुणी सांगितलं नाही, शिट्टी मारली नाही. एकाने भिंतीशी उभं राहून हाताने उंची मोजली आणि म्हणाला, "अरे, ही माझ्या छातीच्या लेव्हलला आहे." दुसरा मागे वळून, शिपाई कुठे उभे असतील, अंतर किती असेल याचा अंदाज घ्यायला लागला. अख्ख्या चाळीस मिनिटांत आम्ही खऱ्या अर्थाने बाग बघितली ती ही पाच मिनिटं. नंतर बसमध्ये वाद रंगला तेव्हा अर्ध्या जणांची खात्री होती की उधमसिंगांनी डायरला मारलं. प्रत्यक्षात डायर १९२७ सालीच आजारपणाने मेला होता. १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी गोळी घातली ती ओडवायरला, १९१९ साली जो पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता त्याला. बाग बघून बाहेर पडलेल्या मुलांना हे माहीत नव्हतं!

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे एकतर्फी होईल. नूतनीकरणावर त्या वेळी अनेक इतिहासकारांनी टीका केली. पण त्याची गरजच नव्हती असं म्हणता येणार नाही. रोज हजारो माणसं येणाऱ्या जागेची डागडुजी लागते, पाण्याचा निचरा लागतो, गर्दीची सोय लागते. विहिरीत कुणी पडू नये म्हणून काहीतरी अडथळा हवाच. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना साउंड अँड लाइट शोमधून गोष्ट समजते, हेही खरं. शिवाय 'मूळ जशीच्या तशी' बाग २०२१ च्या आधीही उरली नव्हती. हिरवळ नंतरची, आणि मधलं उंच लाल स्मारक बेंजामिन पोक या अमेरिकन आर्किटेक्टने डिझाइन केलेलं, १९६१ सालचं. तेव्हा सगळा दोष एकाच कामावर ढकलणं मला मान्य नाही.

पण म्हणूनच जे थोडं खरं उरलं आहे, त्याला हात लावताना दहा वेळा विचार करायला हवा. गोष्ट सांगायला गॅलरी आहेत, तिथे हवं तेवढं थ्रीडी आणि प्रोजेक्शन लावा, माझी हरकत नाही. पण बोळ, भिंत आणि विहीर हे पुरावे आहेत. पोलिस गुन्ह्याच्या जागी खडूने रेघ मारतात, रांगोळी काढत नाहीत.

इंजिनिअरिंग आणि अशा जागा यांचं भांडण आहे असं मात्र कुणी समजू नये. हिरोशिमाचा गेंबाकू डोम बघा. यान लेट्झेल या चेक आर्किटेक्टने बांधलेली १९१५ सालची ही इमारत. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब जवळजवळ तिच्या डोक्यावर, आडव्या अंतराने जेमतेम १६० मीटरवर फुटला म्हणा ना. नंतर ती पाडावी असं म्हणणारेही खूप होते. पण १९६६ साली शहराने ती कायम राखायचा ठराव केला. १९६७ मध्ये भेगांत इपॉक्सी रेझिन भरलं, आतून पोलादाचे आधार दिले. त्यानंतरही पुन्हा पुन्हा दुरुस्त्या झाल्या. हे सगळं कशासाठी? तर १९४५ साली ती जशी मोडली, तशीच मोडकी उभी राहावी म्हणून! मला विचाराल तर नवा पूल बांधण्याइतकंच हे अवघड इंजिनिअरिंग आहे, आणि काम उत्तम झालं की ते कुणाला दिसतच नाही. आउश्वित्झ-बिर्केनाऊमध्येही नाझींनी पळताना उडवून दिलेल्या गॅस चेंबर्सचे ढिगारे पुन्हा बांधून काढलेले नाहीत. ढिगारे म्हणूनच जपले आहेत.

एवढं लांब कशाला, रविवारी सकाळी आपल्या खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजाराहून जास्त सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा, ओळी सरळ, मधे हिरवळ. दगडावर नाव आणि वय. पन्नास दगड वाचले की लक्षात येतं, यातले कितीतरी आपल्या वयाचे आहेत. तिथे मोठ्याने बोलायची इच्छाच होत नाही.

मग असा प्रश्न येईल की पुतळे नकोत, शो नको, तर माणसांची आठवण राहणार कशी? राहते, आणि त्यात आपल्या पुण्याचाही धागा आहे. काँग्रेसच्या ज्या समितीने पंजाबातल्या अत्याचारांची चौकशी केली, तिच्यात गांधीजींबरोबर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. हो, तेच, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, ज्यांच्या नावाच्या जयकर ग्रंथालयात आपले कित्येक मित्र परीक्षेच्या दिवसांत जागा धरायला जातात. या समितीने १,७०० हून अधिक लोकांच्या जबान्या तपासल्या. त्यात रतनदेवी नावाच्या बाईची जबानी आहे. तिचा नवरा बागेत मेला. कर्फ्यूमुळे प्रेत उचलायला मदत मिळेना. ती रात्रभर त्या मैदानात नवऱ्याच्या प्रेताशी बसून राहिली, हातात काठी घेऊन, कुत्री जवळ येऊ नयेत म्हणून. आजूबाजूला जखमी माणसं पाणी मागत होती.

ही जबानी मी परत आल्यावर वाचली. जाण्याआधी वाचली असती तर कुठल्याही शिल्पाची गरज लागली नसती असं मला वाटतं. ही एक गोष्ट माहीत असलेला माणूस त्या मैदानावर उभा राहिला, की बाकीचं काम मैदानच करतं.

हे सगळं मी आपल्याच मासिकात का लिहिते आहे? कारण उद्या हे काम आपल्याकडेच येणार आहे. 'ब्युटिफिकेशन' नावाची टेंडरं रोज निघतात, किल्ल्यांची, तलावांची, स्मारकांची. बी.ओ.क्यू.मध्ये फ्लोरिंगचा रेट असतो, दिव्यांचा रेट असतो, 'काही करू नये' याचा रेट नसतो. काहीच न बदलता जपायचं म्हटलं तर बिल कसलं लावणार? त्यामुळे कॉन्ट्रॅक्टर, कन्सल्टंट, सगळ्यांचा कल काहीतरी बसवण्याकडेच असतो. आपल्यातलाच कुणीतरी ज्युनिअर इंजिनिअर त्या ड्रॉइंगवर सही करणार आहे. त्या वेळी त्याने एकदा तरी विचारावं, 'सर, या भिंतीचं माप हाच पुरावा आहे, तिच्यावर काही न लावलं तर चालेल का?' एवढा एक प्रश्न विचारणारे दहा इंजिनिअर जरी आपल्या कॉलेजातून बाहेर पडले, तरी पुष्कळ झालं.

तोपर्यंत हातातल्या गोष्टी करू. सर आणि मॅडम लोकांना माझी नम्र विनंती: पुढच्या आय.व्ही.त अशी जागा असेल तर तिला दोन तास द्या, आणि तिच्या लगेच पुढे परेड किंवा शॉपिंग ठेवू नका. धरणाचं क्रॉस सेक्शन जसं वर्गात शिकवता, तसा त्या जागेचा प्लॅनही फळ्यावर काढून दाखवा: बोळ कुठे, शिपाई कुठे, भिंत कुठे. मित्रांनो, आपल्यासाठी एवढंच: आदल्या रात्री मुक्कामाच्या हॉलवर पत्ते कुटण्याआधी अर्धा तास एकाने एखादी जबानी मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. आत गेल्यावर आधी एक चक्कर फोन खिशात ठेवून मारायची. फोटो काढूच नका असं मी म्हणणार नाही. मीही काढले, गोळ्यांच्या खुणांचे. बोळातून जाताना मात्र दोन्ही हात पसरून बघा, भिंत केवढी जवळ येते ते.

यंदाची सेकंड इयरची बॅच डिसेंबरमध्ये त्याच रूटने जाणार आहे असं कळलं. प्लॅन अजून फायनल झालेला नाही, म्हणून हा लेख आत्ताच दिला. चाळीस मिनिटांचे दोन तास करायला टूरवाल्याला एक फोन पुरतो.

– टी.ई. सिव्हिल